जनाबाईच्या घरचा देव

जनाबाईचे अभंग आमच्या घराघरांतून म्हटले जातात. आणि म्हणूनच कीं काय, ते लक्ष देऊन फारसें कोणी वाचीत नाहीं. विठ्ठल तिच्यासवें दळतो, पाणी वाहतो, गोवऱ्या वेंचतो. हीं चित्रें इतकीं ओळखीचीं झालीं आहेत कीं त्यांचा अर्थ काय, हा प्रश्नच आपणांस पडत नाहीं. पडलाच, तर उत्तर ठरलेलें असतें : जनीनें अपार भक्ति केली, देव प्रसन्न झाला व राबावयास आला. म्हणजे भक्ति हे कष्ट आणि देवाचें येणें ही त्यांची मजुरी! हा अर्थ अभंगांतला नव्हे, आपल्या व्यवहारी मनांतला आहे, असें आम्हांस वाटतें.

महीपतींनीं 1762 सालीं ‘भक्तविजय’ रचिला, तेव्हां कथेस कार्यकारणाची सांखळी लागणारच. अभंगास ती लागत नाहीं. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं वाढली आणि नामदेवांची दासी एवढीच आपली ओळख सांगत राहिली. तिच्यापाशीं दाखवावयास ना शास्त्र, ना व्रतवैकल्याची सवड. देव येतो तो काम साचलेलें असतें तेव्हां.

तुळशीच्या बनांतला प्रसंग पाहावा. जनी केस मोकळे करून बसली आहे आणि देव तिच्या डोईस लोणी चोळतो आहे. जन्मभर दुसऱ्यांची सेवा केलेल्या माणसास सर्वांत अवघड काय, तर कोणी आपली सेवा करूं लागल्यास उठून न जाणें. आपल्यांतील कोणी असता तर ‘मी पात्र नाहीं’ म्हणून संकोचानें दूर सरला असता, व त्या संकोचास नम्रता म्हणाला असता! जनी सरत नाहीं. उलट अन्यत्र ती याच देवास चारचौघांत उच्चारवत नाहींत अशा शिव्या देते. मजुरीवर ज्याचें पोट, तो धन्यापुढें असा बोलत नसतो.

कांहीं अभंगांत देव भावास भुलतो असें आहे, हें खरें. परंतु भुलणें निराळें आणि मोल चुकविणें निराळें. तिच्या नांवावरील सुमारे साडेतीनशें अभंग एकाच हातचे आहेत, असेंही कोणी छातीठोकपणें सांगूं नये.

याहून गंभीर आक्षेप असा कीं, देवानें दळूं लागूनही जनीचें जातें सुटलें नाहीं. ती दासीच राहिली. हा आक्षेप खोडून काढण्याची आमची इच्छा नाहीं. या अभंगांत सुटकेचें आश्वासन नाहीं, तें ओढूनताणून काढणें अप्रामाणिकपणाचें होईल. मात्र जिच्या श्रमांस घरांत कधीं किंमत आली नाहीं, तिनें देवाचें प्रेमही श्रमांनींच मिळवावें असें म्हणणारा टीकाकार तिला दुसऱ्या एका धन्याच्या घरीं कामास लावतो. जनी त्या घरीं गेलेली नाहीं; ती तुळशीच्या बनांत केस सोडून बसली आहे.