तापमान आणि घनता एकाच रकान्यात?

रसायनशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत उष्मागतिकीच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच दोन रकान्यांचा एक तक्ता असतो. डावीकडे 'एक्स्टेन्सिव्ह', म्हणजे पदार्थ जितका जास्त तितके जास्त भरणारे गुणधर्म : वस्तुमान, आकारमान, आंतरिक ऊर्जा, एन्ट्रॉपी. उजवीकडे 'इन्टेन्सिव्ह', पदार्थ कमी-जास्त केला तरी न बदलणारे : तापमान, दाब, घनता, विशिष्ट उष्माधारकता. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, दोन गुण मिळतात, विषय संपतो. आमची तक्रार आहे ती उजव्या रकान्याबद्दल.

व्याख्याही तशी ढिलीच असते. 'पदार्थ किती आहे यावर अवलंबून असणारा तो एक्स्टेन्सिव्ह' असे म्हटले की पाण्याच्या थेंबाची त्रिज्याही त्यात बसते. पाणी दुप्पट घेतले तर त्रिज्या १.२६ पट होते, दुप्पट नव्हे. नुसते अवलंबून असणे पुरत नाही. तापमान व दाब तेच ठेवून पदार्थ दुप्पट केला की गुणधर्मही दुप्पट झाला पाहिजे. हा दोष एका वाक्यात दुरुस्त होईल.

दुसरा दोष अधिक खोल आहे. एका शिबिरात अकरावीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, गरम आणि गार पाणी एकत्र केले की तापमान सारखे होते. घनताही इन्टेन्सिव्हच ना? मग तेल आणि पाणी एका भांड्यात ठेवले तर त्यांची घनता सारखी का होत नाही?" वर्गात तिला 'हे अभ्यासक्रमात नाही' असे उत्तर मिळाले होते. वास्तविक प्रकरणाचा गाभाच तिने पकडला होता!

शून्य अंश सेल्सिअसच्या पाण्यात तरंगणारा बर्फ घ्या. बर्फाचे आणि पाण्याचे तापमान एकच, ते जिथे एकमेकांना टेकतात तिथला दाब एकच, आणि रासायनिक विभवही एकच. म्हणून तर बाहेरून उष्णता येऊ दिली नाही, तर दोन्ही तसेच नांदतात. घनता मात्र बर्फाची ०.९२ आणि पाण्याची १.०० ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर.

तापमानात फरक असला की ऊर्जा वाहते, दाबात फरक असला की सरकता दट्ट्या सरकतो, विभवात फरक असला की रेणू स्थलांतर करतात. हे सारे तो फरक मिटेपर्यंत चालते. घनतेचे तसे नाही. ती दोन एक्स्टेन्सिव्ह राशींचा भागाकार आहे, आणि भागाकारात पदार्थाचे प्रमाण कटून जाते, एवढ्यापुरतीच ती इन्टेन्सिव्ह. समान होण्याची सक्ती तिच्यावर नाही. तेल वर राहणार की पाणी, एवढे ती ठरवते. ग्रिफिथ्स आणि व्हीलर या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या दोन गटांना 'फील्ड' आणि 'डेन्सिटी' अशी वेगळी नावेही दिली. शालेय तक्त्यापर्यंत ती पोचलेली नाहीत.

तक्ता काढूनच टाका, असे आम्ही म्हणत नाही. उष्माधारकता आणि विशिष्ट उष्माधारकता यांतला गोंधळ तो निस्तरतो. पण शिक्षकांनी फळ्यावर उजव्या रकान्यात मधोमध एक आडवी रेघ ओढावी : वर तापमान, दाब आणि विभव, खाली घनता आणि तिची भावंडे. थर्मासमध्ये ठेचलेला बर्फ व पाणी ढवळून तापमापी आधी बर्फात, मग पाण्यात धरायला मुलांना सांगावे. आणि परीक्षेत 'घनता कोणत्या प्रकारची?' असे विचारण्याऐवजी 'या थर्मासातल्या बर्फात आणि पाण्यात काय सारखे आहे, काय नाही?' असे एकदा विचारून पाहावे.