मिनीमूग विरुद्ध लॅपटॉप : या तुलनेत कंट्रोल कुठे आहे?

तुम्ही असे व्हिडिओ नक्की पाहिले असतील. टेबलावर एका बाजूला लाकडी चौकटीतला जुना मिनीमूग, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि त्यात मिनीमूगची नक्कल करणारं प्लग-इन. तीच सुरावट आधी इकडे वाजते, मग तिकडे. ओळखा पाहू, खरा कोणता? खाली कॉमेंटमध्ये दोन तट पडलेले. एक म्हणतो, खऱ्या यंत्राचा भरदारपणा सॉफ्टवेअरला सात जन्मांत येणार नाही. दुसरा म्हणतो, तुम्ही फक्त लाकडाचे पैसे मोजताय.

मी दिवसा लॅबमध्ये असते आणि रात्री इअरफोन लावून लॅपटॉपवर संगीत करते, त्यामुळे या भांडणात माझा जीव अडकलेला आहे. पण 'काय विकत घ्यावं' हे सांगायला आज लिहीत नाही. हा व्हिडिओ म्हणजे एक पेपर आहे आणि तो रिव्ह्यूसाठी तुमच्याकडे आलाय, असं समजून बघू या.

आधी थोडं यंत्राबद्दल. मिनीमूग मॉडेल डी १९७० सालचा. त्याच्यात तीन ऑसिलेटर, आणि त्यांच्या आवाजातले वरचे घटक कापणारा तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर. रॉबर्ट मूग यांनी त्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला, पेटंट १९६९ मध्ये मिळालं. ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक, मध्ये कपॅसिटर. असे चार टप्पे मिळून कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलने आवाज उतरवतात. गंमत अशी की ट्रान्झिस्टर सरळ रेषेत वागत नाही. सिग्नल मोठा झाला की तो दबतो, आकार बदलतो. लोक ज्याला भरदारपणा म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच आहे.

आता हे गणित कॉम्प्युटरवर करायचं म्हटलं की दोन अडचणी. पहिली, आवाज सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांत मोजला जातो. करवतीच्या दातांसारख्या तरंगात खूप वरपर्यंत घटक असतात. नमुन्यांच्या निम्म्या वेगापेक्षा वरचे घटक दुमडून खाली येतात आणि भलत्याच जागी ऐकू येतात. हेच ते अलायझिंग. दुसरी अडचण जास्त चिवट. सर्किटमध्ये फिल्टरचं आउटपुट त्याच क्षणी इनपुटला परत मिळतं. कोडमध्ये सरधोपटपणे लिहिलंत तर ते एक नमुना उशिरा मिळतं, आणि तेवढ्याने रेझोनन्स वाढवताना फिल्टरचं ट्यूनिंग बिघडतं. स्टिल्सन आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये या फिल्टरचं डिजिटल रूप कसं करावं याचं विश्लेषण केलं. हुओविलायनेन यांनी २००४ मध्ये प्रत्येक टप्प्याचा तो वाकडेपणा गणितात आणला. पुढे झवालिशिन यांच्या २०१२ च्या पुस्तकाने उशीर न होणारा फीडबॅक लिहायची रीत प्लग-इन करणाऱ्यांच्या हातात दिली. म्हणजे 'सॉफ्टवेअर पातळ वाटतं' ही तक्रार नव्वदच्या दशकात बऱ्यापैकी खरी होती. ती आजही त्याच शब्दांत होते, मधले पेपर कुणी वाचलेच नाहीत अशा थाटात. साहित्य समीक्षेचा भाग न लिहिता थेट निष्कर्षावर उडी मारणारा थीसिस असतो ना, तसं.

इथपर्यंत मी शहाणी वाटत असेन. आता माझी फजिती ऐका.

गेल्या वर्षी एका मित्राकडून छोटा अ‍ॅनालॉग सिंथ आठवडाभरासाठी आणला. त्याचं प्लग-इनही मिळतं. दोन्हीवर एकच तुकडा रेकॉर्ड केला आणि हॉस्टेलमधल्या सात जणींना ऐकवला. सहा जणी म्हणाल्या, पहिला छान. पहिला म्हणजे यंत्राचा! मी त्याच रात्री आमच्या संगीतवाल्या ग्रुपवर 'फरक आहे, सिद्ध झालं' असा मोठा मेसेज टाकला. दोन दिवसांनी सहज दोन्ही फाइलींची पातळी मोजली, तर यंत्राचं रेकॉर्डिंग साधारण एक डेसिबलने मोठं निघालं. एवढा फरक 'हा मोठा आहे' असा कळत नाही, 'हा चांगला आहे' असा कळतो. शिवाय यंत्राचा तुकडा प्रत्येक वेळी मीच आधी लावत होते, आणि लावताना बहुधा माझा चेहराही फुलत असणार. पातळी जुळवून, क्रम बदलून पुन्हा ऐकवलं तर उत्तरं कशीही विखुरली. ग्रुपवर दुसरा मेसेज टाकायला मला चार दिवस लागले. पहिल्याला जितके अंगठे आले होते, त्याच्या निम्मेही दुसऱ्याला आले नाहीत.

ही गोष्ट चहाच्या वेळी माझ्या गाइडना सांगितली. त्यांना संगीतातलं काही कळत नाही, आणि म्हणूनच त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "त्याच यंत्रावर काल वाजवलेलं आणि आज वाजवलेलं शेजारी ठेवलंस का?"

नव्हतं ठेवलं. आणि मग लक्षात आलं की मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत ते ठेवलेलं नाही.

बऱ्याच व्हिडिओंत हुकमी पुरावा म्हणून नल टेस्ट दाखवतात. एक रेकॉर्डिंग उलटं करून दुसऱ्यात मिसळायचं. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर शांतता उरते. काहीतरी उरतंच, आणि ते ऐकवून सांगतात, बघा, हे प्लग-इनला जमलं नाही! अहो, पण मिनीमूगची मिनीमूगशीच नल टेस्ट केलीत तरी काहीतरी उरेल. त्याचे ऑसिलेटर सतत फिरत असतात. तुम्ही पट्टी दाबाल त्या क्षणी ते कुठे असतील ते दर वेळी वेगळं. ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे सरकतात, म्हणून सुरू केल्या केल्या एक सूर आणि अर्ध्या तासाने जरासा दुसरा. म्हणजे ज्या चाचणीत यंत्र स्वतःच नापास होतं, त्या चाचणीत प्लग-इन नापास झालं, हा निकाल झाला. 'फरक आहे का?' हा प्रश्नच कुचकामी आहे. फरक असणारच. प्लग-इन आणि यंत्र यांच्यातला फरक हा यंत्राच्या स्वतःशी असलेल्या फरकापेक्षा मोठा आहे का, हे विचारायला हवं. आणि खरं तर त्याच मॉडेलच्या दोन यंत्रांमधल्या फरकापेक्षाही. पन्नास वर्षं जुने कपॅसिटर असलेल्या कुठल्या मिनीमूगला 'खरा' म्हणायचं, हे कोण ठरवणार?

ऐकून ओळखण्याच्या चाचण्यांचंही तसंच. "दहापैकी सात बरोबर ओळखले!" असं अभिमानाने लिहितात. नाणं उडवून सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. नऊ आले असते तर जवळपास १ टक्का. तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले असते.

आणखी एक घोळ आहे, तो वादाच्या नावातच आहे. यंत्र म्हणजे अ‍ॅनालॉग, हे कुणी सांगितलं? यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ हे यंत्रच आहे, पण आत सगळी चिपवरची आकडेमोड. हार्डवेअर-सॉफ्टवेअर आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल अशा दोन गोष्टी एकदम बदलायच्या आणि श्रेय वाटेल तिला द्यायचं. तुमच्या प्रपोजलमध्ये असं असेल तर पहिल्याच प्रेझेंटेशनला सोलून काढतील.

मग यंत्राच्या बाजूने काहीच नाही का? आहे, पण ते कानापेक्षा हातात आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ वर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. ३०३ हे मुळात गिटारवाल्याला बासची साथ करायला काढलेलं खोकं. त्याची एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय मींडेच्या किती जवळची आहे, हे त्या तबकडीत ऐकू येतं. शिकागोवाल्यांनी याच यंत्रातून अ‍ॅसिड हाऊस काढलं ते नंतर. आज ३०३ ची प्लग-इन ढिगाने मिळतात आणि आवाज म्हणून मला ती पुरेशी वाटतात. पण माउसने एका वेळी एकच बटण फिरवणारा माणूस आणि दोन्ही हातांनी कटऑफ-रेझोनन्स फिरवणारा माणूस वेगळे निर्णय घेतो, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. हे तपासायचं तर माणसं, वेळ आणि त्यांनी टाकून दिलेले प्रयत्न मोजावे लागतील. पडद्यावरचे तरंग बघून ते कळणार नाही.

मित्राचा सिंथ पुन्हा आणलाय. एकच सूर वीस वेळा रेकॉर्ड करतेय, दहा सुरू केल्या केल्या, दहा तासाभराने. तेवढेच प्लग-इनचे. पातळी जुळवून झाली की फाइलींची नावं माझी रूममेट बदलणार आहे आणि यादी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवणार आहे. सिंथ रविवारी परत द्यायचाय, त्यामुळे 'अजून दोन यंत्रं हवीत' असं कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी कृपया यंत्रंही पाठवावीत.