समाजसंशोधनाचें शिक्षण व पिंपळे सौदागरचे आंकडे

पदवीधरांस व निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळींस समाजसंशोधनाचें व्यावहारिक शिक्षण देणारे वर्ग आतां ठिकठिकाणीं भरतात. प्रश्नावली रचणें, नमुना निवडणें, संगणकावर कोष्टकें मांडणें हें त्यांत शिकवितात. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्याची गणना करावयाची त्या शब्दाचा अर्थ आधीं निश्चित करावा, हा पाठ बहुधा राहून जातो. त्याचें उदाहरण एका नामांकित ग्रंथांतच सांपडतें.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपाल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. (तें गांव आज पिंपरी-चिंचवड शहरांत गडप झालें आहे.) मॅनसाहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पण जुने कागद पाहण्याचा कंटाळा त्यांनीं केला नाहीं. दर धारकामागें सरासरी जमीन १७७१ सालीं ४० एकर, १८१८ सालीं साडेसतरा आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर, असें त्यांनीं दाखविलें. ही उतरण तेव्हांपासून अर्थशास्त्राच्या विवेचनांत वारंवार उद्धृत होत आली आहे.

आमची शंका अशी कीं, हा धारक तिन्ही वेळीं एकच आहे काय? पेशवाईच्या कागदांत जमिनीपुढें ज्याचें नांव येतें तो पुष्कळदां एकत्र कुटुंबाचा कर्ता असतो. त्याच्यामागें भाऊ व पुतणे किती, हें त्या ओळींत दिसत नाहीं. चार भावांचे ४० एकर एका नांवावर असतील तर सरासरी ४०. वांटणी होऊन चार खातीं झालीं तर १०. जमीन तीच, माणसेंही तींच! शिवाय मिरासदार व उपरी दोघेही मोजले कीं मिरासदारच, हा प्रश्न उरतोच. जुनें माप बिघ्याचें, १२० बिघ्यांचा चाहूर. आणि बिघा स्थळपरत्वें कमीजास्त.

जमिनीचे तुकडे पडले नाहींत असें आमचें म्हणणें नव्हे. उतरणीचा किती भाग खरा व किती मोजणीचा, हें मात्र त्या कोष्टकावरून कळत नाहीं. आजही सातबाऱ्यावरील खातेदार आणि जनगणनेंतील एका चुलीचें कुटुंब या भिन्न वस्तु आहेत. विद्यार्थ्यास प्रश्नावली देण्यापूर्वीं त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५) वाचावयास लावावा. मग एकाच शेताचीं नांवें सातबाऱ्यापासून मागें जुन्या दप्तरापर्यंत लावावयास सांगावें. पिंपळे सौदागरच्या नांवांची अशी छाननी कोणी तरुण हातीं घेईल, तर त्यास मोडी वाचून देण्यास आम्ही तयार आहों.