‘सेव्ह’ केलं म्हणजे नेमकं काय केलं? टिडलीविकीची एक समीक्षा

पुस्तकाची समीक्षा करताना आपण आशय बघतो, रचना बघतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ‘चालतं की नाही’ एवढंच विचारून मोकळे होतो. आज टिडलीविकी या खासगी विकीकडे मला एक रचना म्हणून बघायचं आहे, आणि तेही तिच्या एकाच बटणाच्या अंगाने. ते बटण म्हणजे ‘सेव्ह’.

जेरेमी रस्टन यांनी २००४ साली टिडलीविकी पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. तिची कल्पना अजूनही थक्क करते. अख्खी विकी म्हणजे एक एचटीएमएल फाइल. तुमच्या नोंदी, त्या शोधण्याची सोय, नोंदींमधले दुवे, एवढंच काय, विकी चालवणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याच फाइलीत. पेनड्राइव्हवर घ्या, ईमेलने पाठवा, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडा. वही आणि लेखणी एकाच पुठ्ठ्यात बांधावी, तसं हे आहे.

आता गंमत बघा. ही फाइल सेव्ह करायची म्हणजे उघडलेल्या पानाने स्वतःचीच नवी प्रत तयार करायची. पण ब्राउझर कुठल्याही पानाला तुमच्या डिस्कवर परस्पर लिहू देत नाही. आणि ते योग्यच आहे, नाहीतर कोणतंही अनोळखी पान तुमच्या फाइली बदलून जाईल. मग होतं काय, तर नवी प्रत ‘डाउनलोड’ होते. नाव तेच, पुढे कंसात एक, मग कंसात दोन. आठवडाभरात डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दहा विकी, आणि त्यातली खरी कोणती हे तारखा बघून ठरवायचं.

यावर फायरफॉक्ससाठी टिडलीफॉक्स नावाची जोडणी होती. तिच्यामुळे फाइल जागच्या जागी सेव्ह व्हायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, जुन्या पद्धतीच्या जोडण्या बंद झाल्या, आणि टिडलीफॉक्सही गेली. पण फाइली मात्र उघडतच राहिल्या. म्हणजे वाचणं टिकलं आणि लिहिणं अडलं. माझ्या मते या रचनेचं बळ आणि तिचा दोष, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. वाचण्यासाठी ती कुणाचीच मिंधी नाही. लिहिण्यासाठी मात्र तिला दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागतो.

पुढचा प्रश्न सिंकचा. घरी लॅपटॉप, हातात फोन. फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेच्या फोल्डरमध्ये ठेवली की झालं, असं वाटतं. समजा, सकाळी प्रवासात नेट नसताना तुम्ही फोनवर एक नोंद लिहिली, आणि त्याच वेळी घरच्या लॅपटॉपवर दुसरीच नोंद बदलली गेली. दोन्ही नोंदी वेगळ्या, खरं तर भांडण काहीच नाही. पण सिंक करणाऱ्या सेवेला नोंदी दिसत नाहीत, तिला फक्त फाइल दिसते. तिच्या लेखी एकाच फाइलीच्या दोन प्रती झाल्या. मग ती एक ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ बाजूला ठेवून देते. दोन्ही प्रती अर्धवट खऱ्या, आणि जुळवायच्या तुम्ही, हाताने.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच पेचातून. शेकडो हस्तलिखितं, प्रत्येकात थोडा फरक. वि. स. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘शेवटची प्रत तीच खरी’ असं म्हटलं नाही. त्यांनी श्लोकाश्लोकाने तुलना केली आणि पाठभेद तळटीपांत नोंदवून ठेवले. तुलनेचं एकक लहान, आणि फरक लपवायचा नाही. चांगल्या सिंकचीही हीच कसोटी आहे.

या कसोटीवर टिडलीविकीचं दुसरं रूप अधिक उतरतं. नोड.जेएसवर चालवली तर प्रत्येक नोंद स्वतंत्र फाइल होते. मग झगडा झालाच तर एका नोंदीपुरता. वेबडॅव्ह सर्व्हरवर ठेवलेली एक-फाइल विकीसुद्धा, मधल्या काळात सर्व्हरवरची प्रत बदलली असेल, तर ती पुसून टाकण्याऐवजी सेव्ह करायला नकार देते. हा नकार त्रासदायक वाटतो, पण प्रामाणिक आहे. अर्थात नोड.जेएस घेतलं की ‘एक फाइल, कुठेही उघडा’ हे मूळ सौंदर्य हातातून जातं, आणि सामान्य माणसाला सर्व्हर चालवायला शिकावं लागतं.

कुणी म्हणेल, मग सगळं ऑनलाइनच का ठेवू नये? कारण सेवा बंद पडते, खातं अडकतं, नियम बदलतात. २०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधन गटाने ‘लोकल-फर्स्ट’ हा विचार मांडला तो यासाठीच: मूळ प्रत तुमच्या यंत्रावर, आणि नेटवरची प्रत तिची मदतनीस. टिडलीविकीने त्यातला पहिला अर्धा भाग पंधरा वर्षं आधीच करून दाखवला होता. दुसरा अर्धा तिने वापरणाऱ्यावर सोडला. सेव्ह करण्याचे डझनावारी मार्ग दिले, पण कोणत्या मार्गावर नोंद हरवू शकते हे बटण सांगत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

तोवर आपण काय करायचं? एक प्रत ‘घरची’ ठरवा आणि लिहायचं ते तिथेच, बाकीच्या प्रती वाचण्यापुरत्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे विसरू नका. चुकून खोडलेली नोंद सगळीकडे तितक्याच तत्परतेने खोडली जाते. म्हणून तारीख घातलेली एक प्रत सिंकच्या बाहेर ठेवा. आणि ती अधूनमधून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा नुसता समज असतो.

दहा वर्षांच्या टिपणांची किंमत ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून ‘सेव्ह’ दाबताना ते कुठे झालं आणि कशावर झालं, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.