रानातला पाहुणा

ज्या माणसांविषयी आपण नित्य वाचतो, पण ज्यांस कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते, त्यांना भेटून आलेल्याचा शब्द आपण फार लवकर प्रमाण मानतो. माओवाद्यांच्या बाबतीत हे विशेषच घडले. एका बाजूस सरकारी पत्रके, दुसऱ्या बाजूस पक्षाची पत्रके. मध्ये जो कोणी रान तुडवून आला त्यास साक्षीदाराचे आसन मिळाले. ही साक्ष तपासावी कशी, हा प्रश्न आम्हांस अरुंधती रॉय यांचे ‘वॉकिंग विथ द कॉम्रेड्स’ आणि अल्पा शहा यांचे ‘नाइटमार्च’ ही दोन इंग्रजी पुस्तके पाठोपाठ वाचताना पडला.

दोघीही २०१० सालीच माओवाद्यांबरोबर चालल्या. एक बस्तरात, दुसरी बिहार-झारखंडात. रॉयबाईंचा लेख त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘आउटलुक’ साप्ताहिकात आला आणि पुढे पुस्तकरूप झाला. दंतेवाड्याच्या देवळाशी हाती नारळ, कपाळी टिळा अशा खुणेने झालेली पहिली भेट त्यांनी मोठ्या बहारीने वर्णिली आहे. तेंदूपत्त्याच्या पुडक्याचा भाव तीन पैशांवरून रुपयापर्यंत कसा चढला, जंगलखात्याचा जाच काय होता, २००५ नंतर सलवा जुडूमने गावे कशी उठवली, हे त्या सांगतात तेव्हा त्यांची लेखणी खरोखर कामाची ठरते. परंतु त्या पोहोचल्या त्या दिवसांत १९१० च्या भूमकाल उठावाची शताब्दी साजरी होत होती. ढोल, नाच, भाषणे, हजारो माणसे. लग्नघरी उतरलेल्या पाहुण्यास घर दिसत नाही, लग्न दिसते. बाईंना दिसलेला प्रत्येक तरुण हसरा आहे, प्रत्येक तरुणी निर्भय आहे. खोटे त्यात काही नसेल, पण वाचकास संशय यावा इतके ते एकसुरी आहे. लेख छापून येऊन महिनाही झाला नव्हता तोच, ६ एप्रिल रोजी, ताडमेटल्याजवळ ७६ जवान मारले गेले. त्या बातमीनंतर लेख पुन्हा वाचणाऱ्यास त्यातील हसू पूर्वीसारखे वाटणे कठीण होते.

शहाबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. झारखंडातील एका आदिवासी गावात त्या सुमारे दीड वर्ष राहिल्या होत्या, आणि मग पुरुषाच्या वेषात एका तुकडीबरोबर सात रात्रींत सुमारे २५० किलोमीटर चालल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक ह्या सात रात्रींभोवती गुंफले आहे. पण त्याचे खरे बळ आम्हांस त्या चालण्यात दिसत नाही, तर आधीच्या राहण्यात दिसते. कोहली ह्या सोळा वर्षांच्या पोराचेच पाहा. तो क्रांतीचे तत्त्वज्ञान वाचून आलेला नाही. एका क्षुल्लक कारणावरून बापाशी भांडून घरातून निघाला आणि तुकडीत सामील झाला. अशी पोरे मामाकाकांच्या घरी जावे तशी तुकडीत जातात आणि कंटाळा आला की परत येतात, असे लेखिका दाखवते. हा साधा शोध सरकारच्या ‘कडव्या अतिरेक्या’लाही जमणारा नाही आणि पक्षाच्या ‘जागृत क्रांतिकारका’लाही जमणारा नाही.

स्त्रियांच्या प्रश्नावर दोन्ही पुस्तकांतील अंतर सर्वांत स्पष्ट दिसते. रॉयबाईंना बंदूक घेतलेली मुलगी म्हणजे मुक्त झालेली स्त्री वाटते. शहाबाई सोमवारी नावाच्या आदिवासी स्त्रीच्या घरात बसतात, आणि तिला बाहेरून आलेल्या उच्चवर्णीय नेत्यांनी मुक्त करण्याआधीच पुष्कळसे स्वातंत्र्य होते, असे त्यांच्या ध्यानी येते. नेते दारूबंदी सांगतात, त्यांना हंडिया हे व्यसन वाटते. त्या मडक्यातील कमाई आणि पाहुण्यास वाढण्याचा मान घरच्या बाईचा असतो, हे त्यांस उमगत नाही. काजूच्या दिवसांत भट्टीभोवती वावरणारे घर पाहिलेल्या आमच्या गोव्याच्या वाचकांस हे अधिक फोडून सांगण्याचे कारण नाही. क्रांतिकारक म्हणून आलेला माणूस नकळत शहरी, सोवळा गृहस्थ बनून उपदेश करू लागतो, हे फार मार्मिक निरीक्षण आहे.

उणिवा आहेत. कथा रंगात आली की मध्येच सिद्धान्ताचे व्याख्यान सुरू होते. रात्रीच्या वाटचालीत दिवा लावल्यासारखे ते खटकते. ज्ञानजी ह्या सुशिक्षित नेत्याविषयी लेखिकेस वाटणारा आदर कोठे कोठे तिच्या परीक्षणबुद्धीवर मात करतो. आणि दोघींविषयीही आमची एक तक्रार उरते: खबऱ्या ठरवून ज्याला मारले त्याच्या अंगणात ह्या पुस्तकांत आपण पुरेसे थांबत नाही. यजमानाच्या अपराधाविषयी बोलणे पाहुण्यास जड जाते, हे आम्ही समजतो. पण साक्षीदार होऊन परतलेल्या पाहुण्यास ती सवलत देता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याची छायाचित्रे पाहताना आमची दृष्टी नेत्यास सोडून मागच्या रांगांकडे गेली. ह्यांतील कोण कोणत्या भांडणावरून घर सोडून निघाला असेल, आणि त्या घरी आता त्याची वाट पाहणारे कोणी उरले असेल काय, हे विचारावेसे वाटले ते शहाबाईंच्या कोहलीमुळे.