गोनीदांची दुर्गयात्रा आणि जुन्नरची कसोटी

गो. नी. दांडेकर यांच्याविषयी लिहिताना 'दुर्गयात्री' आणि 'कादंबरीकार' असे दोन कप्पे करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. एका कप्प्यात 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तके, दुसऱ्यात 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या शिवकालीन कादंबऱ्या. या विभागणीमुळे एक प्रश्न विचारायचाच राहतो. गड पायी हिंडून ऐतिहासिक कादंबरी लिहायला माणूस काय शिकतो, आणि काय शिकत नाही? हा प्रश्न मी जुन्नर-आंबेगावच्या मुलुखावर घासून पाहतो आहे.

गोनीदांनी लेखनाचे वर्ग काढले नाहीत. शाळा तर त्यांनी स्वतःच लहान वयात सोडली होती. परंतु तळेगावात स्थिरावल्यावर तरुण मुलांना बरोबर घेऊन त्यांनी जे गड चढले-उतरले, त्याला कलाशिक्षण म्हणायला मला संकोच वाटत नाही. पाण्याचे टाके कुठे खोदले आहे, दरवाजा अमुक दिशेलाच का वळवला आहे, माचीवर वस्ती का टिकली, हे दाखवणे म्हणजे पाहायला शिकवणेच होय. त्यांच्या गद्याची ताकद याच पाहण्यातून आली आहे. राजमाचीवरचा बुधा किंवा 'जैत रे जैत'मधला ठाकरांचा नाग्या ही माणसे डोंगरापासून सुटी करता येत नाहीत.

शिवकालीन कादंबऱ्यांतही हीच नजर आहे, आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती दरबारापेक्षा साध्या माणसांकडे वळते. ना. सं. इनामदार किंवा रणजित देसाई यांच्या कादंबरीत इतिहास राजपुरुषाच्या मनातून उलगडतो, गोनीदांकडे तो वाटांवरून चालत येतो. मात्र एक फरक नजरेआड करता येत नाही. बुधाकडे लेखक कुतूहलाने पाहतो, शिवकालातल्या माणसाकडे तो श्रद्धेने पाहतो. त्या माणसाने काय निवडावे, हे पहिल्या पानापूर्वीच ठरलेले असते. राजगड-रायगडावर हे खपून जाते, कारण तिथल्या दगडांचा आणि लेखकाच्या श्रद्धेचा सूर एकच आहे. जुन्नरात तसे होत नाही.

शिवनेरीचेच पाहा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी इथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे १६५७ मध्ये महाराजांनी खालचे जुन्नर शहर लुटले, पण जन्मगड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. पुढल्या काळात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तो मराठ्यांना मिळाला. म्हणजे महाराजांच्या उभ्या आयुष्यात या गडाखालच्या गावांनी सारा भरला तो परक्या सत्तेला. वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर जन्मस्थान आणि डोक्यावर मोगल किल्लेदार, अशा माणसाच्या मनात काय चालले असेल? ऐतिहासिक कादंबरीला याहून सकस विषय कोणता हवा? तरीही आपली कल्पना पाळण्यापाशी थांबते आणि तिथून थेट राजगड गाठते.

याच गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला बंड केलेल्या महादेव कोळ्यांची इथे कत्तल झाली, असे परंपरा सांगते. शिवनेरीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, माथ्यावर मशीद आहे, अंबरखाना आहे. अहमदनगर वसण्यापूर्वी निजामशाहीचा कारभार या जुन्नरातूनच चालला. लेण्यांच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींची दाने नोंदली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिल्याचीही नोंद आहे. राजाखेरीज इतका समाज नावानिशी दगडावर उमटलेली ठिकाणे महाराष्ट्रात थोडी. नाणेघाटाच्या लेण्यात तर कादंबरीकारासाठी धडाच कोरून ठेवला आहे. भिंतीवर सातवाहन राजकुळातल्या व्यक्तींची नावे शाबूत आहेत, आणि त्यांखालच्या मूर्ती नाहीशा झाल्या आहेत. नाव इतिहास देतो, मूर्ती लेखकाने घडवायची असते. पण ती आधीच मनात तयार असेल, तर घडवायला उरते काय?

आंबेगावात हा पेच आणखी जवळ येतो. भीमाशंकरला टांगलेल्या पोर्तुगीज घंटेवर १७२९ हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी तिचे नाते सांगतात. त्या घंटेवर विजयकथा सहज लिहिता येईल. परंतु ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते गाव डिंभे धरणाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. जलाशयाला नाव आहे ते १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीखाली प्राण दिलेल्या, महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचे. एका हुतात्म्याच्या नावाखाली एक गाव बुडालेले आहे. इथे कोणाचा जयजयकार करायचा, हे आधी ठरवून येणाऱ्या लेखकाला पाण्याखाली काहीच दिसणार नाही.

म्हणून गोनीदांचा वारसा सरसकट स्वीकारावा किंवा भाबडा म्हणून सोडून द्यावा, ही दोन्ही टोके मला मान्य नाहीत. आज शिवनेरीवर मुलांची लेखनशिबिरे नेणाऱ्यांनी त्यांच्याकडून पाय घ्यावेत, टाक्यात किती पाणी मावेल हे विचारण्याची चिकाटी घ्यावी. मुलांना पाळणा जरूर दाखवावा, आणि मग कोळी चौथऱ्यापाशीही तेवढाच वेळ बसवावे. गडावरच्या मोगल शिपायाचे, टाके खोदणाऱ्या पाथरवटाचे, साऱ्यासाठी दाणे मोजणाऱ्या कुणबिणीचे एकेक पान लिहून घ्यावे. ज्या नजरेने गोनीदांनी बुधा पाहिला ती नजर त्यांनी शिवकालाकडे पुरती वळवली नाही, असे माझे मत आहे. ते काम शिल्लक आहे, आणि त्यासाठी जुन्नरइतका चांगला मुलूख दुसरा नाही.