तीनास एक

बार्बरा फ्रेडरिक्सन यांचं ‘पॉझिटिव्हिटी’ (२००९) सुरुवातीला आवडतं. आनंद, कुतूहल, कृतज्ञता यांनी माणसाची नजर मोकळी होते, हे त्या छान पटवून देतात. मग आकडा येतो: एका वाईट भावनेमागे किमान तीन चांगल्या. पेपरबॅकच्या मुखपृष्ठावर तर हे गुणोत्तर आयुष्य बदलेल असं वचनच आहे. (वाण्याची वही बरी, तिथे उधारी तरी चालते.)

हा तीन आला कुठून? मार्सियल लोसादांसोबतच्या २००५च्या शोधनिबंधातून. तिथे तो चक्क २.९०१३ होता, द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं भावनांना लावून काढलेला! २०१३मध्ये निक ब्राउन या पन्नाशीतल्या विद्यार्थ्यानं ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्यासह हे गणित निराधार ठरवलं. गणिताचा भाग मागे घेतला गेला. चांगल्या भावना जास्त असणं हिताचंच, हे म्हणणं फ्रेडरिक्सननी सोडलं नाही. तेवढं मलाही मान्य.

पण पुस्तकात वीस प्रश्नांची चाचणी आहे, गेल्या चोवीस तासांत काय काय वाटलं ते नोंदवायची. घरातलं माणूस कालच गेलंय, अशा कुणी ती भरली तर? उत्तर तिनाच्या कितीतरी खाली येईल. त्यात त्याचं काय चुकलं?